दोरीबाहेरचे पंच

रायगडच्या किनारपट्टीवर कबड्डी स्पर्धेचा अंतिम सामना संपला की मंडपातल्या टेबलावर मांडलेल्या चषकांकडे सगळ्यांचं लक्ष जातं. विजेता, उपविजेता, उत्कृष्ट चढाई, उत्कृष्ट पकड ही बक्षिसं कुठेही असतात. इथे बऱ्याच ठिकाणी त्यांच्या शेजारी आणखी एक चषक ठेवलेला असतो. त्यावर लिहिलेलं असतं, ‘पब्लिक हिरो’. हा मान गुणपत्रिकेवरून ठरत नाही. ज्याच्या नावाने दोरीबाहेरची गर्दी ओरडली, ज्याच्या एका पकडीवर म्हातारी माणसं खुर्ची सोडून उभी राहिली, त्याला तो मिळतो. त्याचा संघ आदल्या फेरीतच गारद झालेला असला तरी चालतं. प्रेक्षकाच्या मताला असा चषक देणारा दुसरा खेळ चटकन आठवत नाही.

या मताला वजन आहे, कारण ते मांडणारा माणूस स्वतः खेळलेला असतो. उरण, पेण, अलिबाग, रोहा, मुरूड या पट्ट्यात आगरी, कोळी, कुणबी, भंडारी अशा सगळ्या वस्त्यांमध्ये गावाचा एक तरी संघ असतो. संघाला बहुतेकदा गावदेवीचं नाहीतर हनुमानाचं नाव असतं. शाळेतून आल्यावर पोरं अंगणात दम घालतात, विशीत गावाकडून खेळतात, तिशीत गुडघे कुरकुरायला लागले की दोरीबाहेर येऊन बसतात. पण खेळ सुटत नाही. चढाईला आलेल्याने डावा पाय थोडा जास्त पुढे टाकला, तर तो आता मागून लाथ मारणार की नुसता बोनस घेऊन परतणार, हे या माणसाला आत उभ्या असलेल्या कोपरारक्षकाच्या आधी कळतं. मग ‘पकर त्याला, सोरू नको!’ अशी आरोळी उठते. ती सूचना अनुभवाच्या जोरावर दिलेली असते.

हंगाम सुरू होतो भातकापणीनंतर. मोकळ्या झालेल्या शेतात, शाळेच्या पटांगणात, कुठे थेट किनाऱ्यालगतच्या मैदानात जागा आखली जाते. माती खणून, ढेकळं फोडून, खडे वेचून, पाणी मारून रोलर फिरवतात. ती ना फार कडक चालते ना भुसभुशीत. कडक झाली तर कोपरं सोलवटतात, भुसभुशीत राहिली तर पाय रुततो. मग फक्कीने रेषा मारतात. पुरुषांसाठी मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद. मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर निदान रेषा, तिच्या पुढे एक मीटरवर बोनस रेषा. बांबूंवर दिवे चढले की ‘प्रकाशझोतातील भव्य कबड्डी स्पर्धा’ सुरू. पहिला सामना संध्याकाळी लागतो आणि शेवटचा कधी संपेल याची खात्री कुणी देत नाही. भोंग्यावर समालोचक असतो. मधूनच तो जाहीर करतो की पुढच्या चढाईत गुण आणला तर अमक्यांकडून शंभर रुपयांचं बक्षीस. पुकारा झाला की चढाई करणाऱ्याची चाल बदलते आणि बचाव करणारे सातही जण एकमेकांचे हात जरा घट्ट धरतात.

ज्यांनी कबड्डी फक्त दूरवरून पाहिली आहे त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. एका चढाईला ३० सेकंद मिळतात. तेवढ्या वेळात ‘कबड्डी, कबड्डी’ हा दम न तोडता समोरच्याला स्पर्श करून परत यायचं किंवा बोनस रेषा ओलांडून एक गुण घ्यायचा. बोनस मिळतो तो समोर किमान सहा खेळाडू असतील तेव्हाच. आख्खा संघ बाद केला तर लोण चढतो, त्याचे दोन गुण जादा. नवख्या प्रेक्षकाची नजर चढाईपटूच्या हातावर असते. जाणकार पाहतो ते पायांकडे, आणि त्याहून जास्त लक्ष देतो चढाईपटूच्या पाठीमागे सरकणाऱ्या कोपऱ्याकडे. घोटा पकडण्याची वेळ अर्ध्या सेकंदाची असते. ती साधली तर पुढचं काम साखळीचं.

खेळाला हा आकार महाराष्ट्रातच मिळाला. हुतुतू म्हणून गावोगाव वेगवेगळ्या पद्धतीने खेळल्या जाणाऱ्या या खेळाचे नियम विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत इथे बांधले गेले. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी त्याचं प्रात्यक्षिक दाखवलं. पुढे शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांनी आयुष्य या खेळाला वाहिलं. त्यांचा १५ जुलै हा जन्मदिवस राज्यात कबड्डी दिन म्हणून पाळला जातो. १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डीला पदकाचा दर्जा मिळाला. हे सगळं होऊनही दूरदर्शनच्या पडद्यावर कबड्डी दिसायची ती अपवादानेच. रायगडचा चाहता आपल्या खेळाची बातमी ‘कृषीवल’सारख्या अलिबागच्या दैनिकात वाचायचा आणि कात्रण कापून ठेवायचा.

मग आलं २०१४.

२६ जुलै २०१४ ला वरळीच्या एनएससीआय स्टेडियममध्ये प्रो कबड्डी लीगचा पहिला सामना झाला. आनंद महिंद्रा आणि समालोचक चारू शर्मा यांनी उभी केलेली ही लीग. यू मुंबाने जयपूर पिंक पँथर्सला ४५-३१ असं हरवलं. जयपूरचा मालक अभिषेक बच्चन, मुंबईचे रॉनी स्क्रूवाला. मॅट, पायात बूट, छतावरून फिरणारे दिवे, कानठळ्या बसवणारं संगीत. किनाऱ्यावर तो काळ भर पावसाळ्याचा. मासेमारीची बंदी चालू, होड्या वर ओढून शाकारलेल्या, भातलावणी बरीचशी उरकलेली. म्हणजे ज्यांना कबड्डी कळते ती माणसं नेमकी संध्याकाळी घरात होती. वरळी तशी समुद्रापलीकडेच, पण पावसाळ्यात मांडव्याहून गेटवेला जाणारी लाँच बंद असते. रस्त्याने जायचं तर वडखळचा नाका आणि पळस्पे-इंदापूर टप्प्याचं रखडलेलं काम आडवं. त्यामुळे रायगडने पहिला हंगाम पाहिला तो टीव्हीवर, आणि एकट्याने नाही, आळीने मिळून. त्या हंगामाला देशभरात ४३ कोटींवर प्रेक्षक मिळाल्याची आकडेवारी जाहीर झाली तेव्हा शहरातल्या जाहिरात कंपन्यांना धक्का बसला. पेण-अलिबागमध्ये कुणाला नवल वाटलं नाही.

तेव्हापासून इथला चाहता लीगबद्दल सतत मत देतो आहे, आणि ते मत एकसारखं नाही. आधी जमेची बाजू. टीव्हीने पहिल्यांदा पकड दाखवली. मैदानाच्या कडेला बसलेल्याला सात जणांच्या ढिगाऱ्यात आधी घोटा कुणी धरला हे दिसत नसे, आणि त्यावरून रात्र-रात्र वाद चालत. संथ चित्रणाने तो वाद मिटवला. बचावात तीन किंवा कमी खेळाडू उरले असताना केलेल्या पकडीला जादा गुण देण्याचा नियम तर दोरीबाहेरच्या लोकांना मनापासून आवडला. पडत्या संघाला उभं राहायची संधी त्यातून मिळते, आणि ‘पब्लिक हिरो’चे चषक अशाच पकडींवर दिले जात होते.

दुसरी जमेची गोष्ट पैशाची. २०१४ च्या पहिल्या लिलावात सर्वाधिक बोली होती राकेश कुमारवर, १२ लाख ८० हजारांची. २०२३ मध्ये पवन सेहरावतला तेलुगू टायटन्सने २ कोटी ६० लाखांवर घेतलं. पूर्वी कबड्डीतून पोट भरण्याचा एकच मार्ग होता: रेल्वे, पोलीस, बँक किंवा एखाद्या कंपनीच्या संघातली नोकरी. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के राखीव जागा आहेत, त्यावर डोळा ठेवून कित्येक मुलं खेळली. आता आई-बाप मुलाला मैदानातून ओढून आणताना दोनदा विचार करतात. हा बदल मोठा आहे आणि तो लीगने घडवला, हे मोकळेपणाने मान्य केलंच पाहिजे.

नाराजी आहे ती चढाईपटूला मिळणाऱ्या झुकत्या मापाबद्दल. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या तर तिसऱ्या चढाईत गुण आणायचाच, नाहीतर बाद. टीव्हीसाठी हा नियम उत्तम; सामना रेंगाळत नाही. पण जुन्या जाणकाराला त्यात एक कला हरवल्यासारखी वाटते. आघाडी मिळाल्यावर वेळ खाणं, समोरच्याला चिडवून चूक करायला लावणं, दमाचा खेळ करणं हा डावपेच होता. त्यातही कौशल्य लागायचं. शिवाय पडद्यावरची जाहिरात बघा, पोस्टर बघा, चेहरा नेहमी चढाई करणाऱ्याचा. परदीप नरवालने एका हंगामात ३६९ गुण मिळवले, कारकीर्दीत चढाईचे १,८०१. त्याची डुबकी, म्हणजे बचावपटूंच्या हातांच्या साखळीखालून वाकून निसटणं, गावोगावची पोरं वाळूत घोटवतात. त्याचं कौतुक कुणीही करावं. पण रेवदंड्याच्या किंवा नागावच्या जाणत्या माणसाशी बोलायला बसावं, तर तो इराणच्या फझल अत्राचलीकडे वळतो. डाव्या कोपऱ्यात वाट पाहत उभा राहणारा, एकदा हात टाकला की न सुटणारा फझल. २०१८ मध्ये यू मुंबाने त्याला एक कोटीला घेतलं तेव्हा पकडीलाही तेवढीच किंमत असते हे सिद्ध झालं, असं इथे मानतात. ते बरोबरच आहे. कबड्डी पाहायला शिकलेल्याची खूण हीच की त्याला कोपऱ्यातला खेळाडू आवडायला लागतो.

तिसरा वाद आपलेपणाचा. संघाचं नाव मुंबई, पण खेळाडू बरेचसे हरियाणाचे. सुरुवातीला हे खटकलं. मग अनुप कुमार आवडला. चेहऱ्यावर ताण नाही, पंचाशी हुज्जत नाही, बोनस रेषेवर पाय टेकवून शांतपणे परत येणारा हा कर्णधार २०१५ मध्ये यू मुंबाला विजेतेपद देऊन गेला. अंतिम सामन्यात बेंगळुरू बुल्सवर ३६-३० अशी मात केली त्या रात्री किनाऱ्यावरच्या कुणीही त्याचं गाव विचारलं नाही. चांगल्या खेळापुढे जिल्हा, प्रांत विरघळतो, हे कबड्डीच्या मैदानात जुनंच आहे. गावच्या स्पर्धेतही बाहेरून ‘पाहुणा’ खेळाडू आणला जातो आणि तो जिंकून देतो तेव्हा त्याला खांद्यावर घेतात.

तरीही एक सल आहे आणि ती रास्त आहे. खेळाचे नियम जिथे बांधले गेले, त्या महाराष्ट्रातले खेळाडू लिलावात मोजकेच का दिसतात? दोरीबाहेर याची उत्तरं ठरलेली आहेत. कुणी म्हणतं, आपली पोरं मातीत वाढतात आणि मॅटवर उशिरा जातात. अनवाणी पाय मातीला चिकटतो, बूट मॅटवर वेगळं वळण घेतो. सवय लागायला वर्षं जातात. कुणी उंची-वजनाकडे बोट दाखवतं. कुणी म्हणतं, हरियाणात सकाळ-संध्याकाळ सराव होतो, आपल्याकडे स्पर्धेच्या आधी आठ दिवस. यातलं मॅटचं कारण सर्वांत खरं वाटतं, आणि त्यावर उपायही हाताशी आहे. किनाऱ्यावरच्या प्रत्येक तालुक्याला मॅटचं एक बंदिस्त मैदान मिळालं, तर पावसाळ्याचे चार महिने वाया जाणार नाहीत. मातीच्या स्पर्धा बंद करायची मुळीच गरज नाही.

शिवाय ही काही कायमची पीछेहाट नाही. जानेवारी २०१८ मध्ये हैदराबादला रिशांक देवाडिगाच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने सेनादलाला ३४-२९ असं हरवून अकरा वर्षांनी राष्ट्रीय विजेतेपद परत आणलं. त्याच वर्षी चंदगड तालुक्यातला सिद्धार्थ देसाई यू मुंबाकडून लीगमध्ये उतरला आणि पहिल्याच हंगामात चढाईचे दोनशेहून अधिक गुण घेऊन गेला. पुढच्या लिलावात त्याच्यावर १ कोटी ४५ लाखांची बोली लागली. मार्च २०२४ मध्ये पुणेरी पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं नमवून पहिल्यांदा लीग जिंकली. कर्णधार होता तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार. त्या सामन्यात गुण कमी आणि पकडी भरपूर होत्या. मातीवर बसून खेळ शिकलेल्या प्रेक्षकाच्या पसंतीचा तो सामना होता.

आता करमणुकीबद्दल. लीगने कबड्डीचा तमाशा केला, अशी तक्रार अधूनमधून ऐकू येते, पण ती किनाऱ्यावरच्या माणसाची नाही. इथला प्रेक्षक करमणुकीला कधीच कमी लेखत नाही. चौल-भोवाळ्याच्या दत्तजत्रेला तो जातो, जत्रेतल्या नाटकाला जागतो. दक्षिणेला म्हसळा, माणगाव भागात शक्ती-तुऱ्याच्या बाऱ्या रंगतात. त्यात दोन बाजू गाण्यातून सवाल-जवाब करतात, आणि कुणाचं उत्तर अडलं हे समोर बसलेले लोक ठरवतात. बाजू घेणं, हरकत काढणं, दाद देणं आणि चुकलं तर तिथल्या तिथे सांगणं हा या प्रेक्षकाचा स्वभाव कबड्डीच्या आधीपासूनचा आहे. अलिबाग-मुरूडच्या वाळूत बैलगाड्यांच्या शर्यती पाहणारी माणसंही हीच. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने त्या शर्यती बंद झाल्या, आणि दोनच महिन्यांनी टीव्हीवर कबड्डी आली. डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने अटींसह परवानगी दिली, मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा ग्राह्य धरला, आणि वाळूवर पुन्हा चाकोऱ्या उमटल्या. टेनिस चेंडूच्या क्रिकेटलाही हाच प्रेक्षक. मार्च २०२४ मध्ये ठाण्याच्या दादोजी कोंडदेव स्टेडियमवर सिनेकलाकारांच्या मालकीच्या संघांची टेनिस क्रिकेट लीग सुरू झाली, तेव्हा उरण-पनवेलच्या प्रेक्षकाला खेळ नवा नव्हता, फक्त मालक नवे होते.

या प्रेक्षकाला झगमगाट चालतो. त्याचं मागणं एवढंच की झगमगाटात खेळ दिसला पाहिजे. पकड चालू असताना कॅमेरा स्टेडियममधल्या पाहुण्या नटाच्या चेहऱ्यावर गेला, की घरोघर एकच ओरड होते. ती ओरड योग्य आहे. प्रक्षेपण करणाऱ्यांनी ती मनावर घ्यावी. गावच्या स्पर्धांचं यूट्यूबवर थेट प्रक्षेपण करणारी मुलं एका साध्या कॅमेऱ्यावर सगळं मैदान चौकटीत ठेवतात. आखातात किंवा जहाजावर नोकरीला असलेला गावकरी ते पाहतो, आणि त्याला सातही बचावपटू दिसत राहतात. तेवढं भान मोठ्या वाहिन्यांना जड जाऊ नये.

२०१८ चा धक्काही याच जाणकारीने पचवला गेला. जाकार्ताच्या आशियाई स्पर्धेत भारताचे पुरुष उपांत्य फेरीत इराणकडून हरले आणि महिला अंतिम फेरीत इराणकडूनच २७-२४ अशा हरल्या. देशभर हळहळ झाली. किनाऱ्यावर मात्र हळहळीबरोबर एक वेगळी चर्चाही झाली, कारण इराणच्या मुलींना घडवणाऱ्या प्रशिक्षक शैलजा जैन नाशिकच्या. आपल्या बाईने शिकवलेला डाव आपल्यावर उलटला, याचं दुःख आणि अभिमान एकाच वेळी वाटला. आपल्याकडच्या प्रशिक्षकाला आपल्याकडे काम का मिळू नये, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि तो आजही लागू आहे.

यातूनच लीगबद्दलची सर्वांत मोठी तक्रार समोर येते. मुलींचं काय? महिलांच्या कबड्डीत महाराष्ट्राचं नाव मोठं आहे. २०१२ मध्ये पाटण्याला भारताने पहिला महिला विश्वचषक जिंकला तेव्हा दीपिका जोसेफ, सुवर्णा बारटक्के आणि अभिलाषा म्हात्रे या तिघी संघात होत्या. राज्य सरकारने त्यांना प्रत्येकी एक कोटीचं बक्षीस जाहीर केलं. अभिलाषाला २०१५ चा अर्जुन पुरस्कार मिळाला. रायगडच्या गावांमध्ये मुलींचे संघ आहेत, महिला गटाच्या स्पर्धा होतात आणि त्यांना गर्दीही होते. १२ बाय ८ मीटरच्या मैदानात मुलींची पकड पाहिलेला माणूस ती विसरत नाही. प्रो कबड्डीने २०१६ मध्ये पुरुषांच्या हंगामाला जोडून महिलांची स्पर्धा घेतली: फायर बर्ड्स, आइस दिवाज, स्टॉर्म क्वीन्स असे तीन संघ, त्यातल्या एका संघाची कर्णधार अभिलाषा. अंतिम सामना हैदराबादला झाला आणि स्टॉर्म क्वीन्सने तो २४-२३ असा एका गुणाने जिंकला. इतका चुरशीचा शेवट होऊनही ती स्पर्धा पुढच्या हंगामात झाली नाही.

नोव्हेंबर २०२५ मध्ये ढाक्याला भारताच्या महिलांनी चिनी तैपेईला ३५-२८ असं हरवून पुन्हा विश्वचषक जिंकला. खेळाडू आहेत, विजेतेपद आहे, आणि प्रत्येक चढाईला नावानिशी दाद देणारा प्रेक्षक किनाऱ्यावर तयार बसलेला आहे. प्रो कबड्डीच्या आयोजकांनी महिलांची लीग आता सुरू करावी, आणि तिचे काही सामने अलिबाग-पेणकडे आणावेत.